डाव्या हाताचं मांजर

हॅलो? … हां, बोला आनंदराज. … हॅलो? … कोण?

… कोण पुनम?

… बरं. … हाव, ओळखलं. न ओळखायला काय झालं. … आनंदराज कुठं हायत? … बँकेत. मंग त्यांचा फोन तुमच्याजवळ कसा? … घरीच विसरून गेले. बरं. … हाव, मी गौतमीच बोलून राहिले. यशूची मावशी. हदगावहून. सांगा, काय काम काढलं?

… थांबा, थांबा. काहीच ऐकू येईना. दारात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू हाय. वर स्लॅबवर जाते, थांबा… अहो, कोणी न्हाई, लातूरचा फोन हाय! पडून राहा तुम्ही! … तुम्हाला न्हाई, आमच्या ह्यांना म्हणलं. … हां. बोला आता.

… यशू जेवली न्हाई? कधीपासून? … सकाळपासून? अन्‌ आता पाच वाजून राहिले! … काय केलं तुम्ही तिला?

… रडू नका. आधी हे सांगा, लेकरू कुठं हाय? … कपाटाच्या अन्‌ भिंतीच्या मधी. बरं. दिसून तर राहिली ना? … पाण्याचा तांब्या सरकवा तिच्याकडं. बोलू नका, नुसता सरकवा. … झालं? … हां. सांगा आता.

… कोणतं मांजर?

… मायाचं?

… काळं मांजर, डांगराच्या टोपीचं. हाव हो, माहीत हाय मला. लोकरीची नारंगी टोपी, वर हिरवं देठ. डोक्यात भरायला कापूस मीच दिलता, इथल्या रानातला. एक सरकी राहिली त्यात. कानामागं दाबलं की हाताला लागती. यशू तीच दाबत दाबत झोपती. … तुम्हाला माहीत हाय ते? … बरं.

… मंग, काय झालं त्याला?

… उसवलं?

… थांबा जरा. … न्हाई, हाय मी फोनवर. थांबा म्हणलं ना.

… बाई, ऐका. दोन वर्षं झाली माझ्या बहिणीला जाऊन. डेंग्यू झाला अन्‌ पाच दिवसांत गेली. दवाखान्यातून पिशवी घरी आली, त्यात हे मांजर होतं. डोकं झालेलं, पोट अर्धं, शेवटच्या टाक्यात सुई तशीच. खाटेवर पडल्या पडल्या विणत होती यशूच्या शाळेसाठी. ती सुई दोन वर्षांत कोणी काढली न्हाई. आनंदराजनं न्हाई, त्यांच्या आईनं न्हाई. यशू सुईसकट घेऊन झोपायची, टोचायचं लेकराला, तरी कोणी हात लावला न्हाई. अन्‌ तुम्ही घरात येऊन सहा महिने झाले न्हाईत…

… न्हाई, माफी-बिफी राहू द्या. माझी कशाला मागता. मी तुमच्या लग्नाला बी आले न्हाई. बोलले बी न्हाई कधी तुमच्याशी. मला काहून फोन केला?

… यशूच्या वहीत माझा नंबर हाय? … काय लिहिलंय वर? … 'आईला शिकवणारी मावशी.'

… हां. … हाव, ऐकून राहिले. बोला तुम्ही.

… शाळेत कसला सण? … विलायती भुताचा? … अन्‌ सगळी लेकरं काही ना काही घेऊन जाणार, काळं मांजर, वटवाघूळ. बरं, ते मायानं सांगितलतं मला. आण्णा, आमचे वडील, असते तर खूश झाले असते. काळं मांजर आडवं गेलं की लोक थांबायचे, अन्‌ आण्णा आम्हा दोघींना मुद्दाम त्याच्या मागून चालायला लावायचे. म्हणून तर मायानं मांजरच घेतलं. … हां, मंग? … यशू म्हणली, आईचं मांजर न्यायचं पण त्याला पाय न्हाईत. … तुम्हाला म्हणली? … न्हाई, मांजरालाच म्हणली, तुम्ही ऐकलं. बरं.

… अन्‌ तुम्ही शिकलात. कुठं? … मोबाइलवर बघून. … महिनाभर, दुपारी, कोणाला न सांगता. … सुतळीवर हात बसवला? सुतळीवर कोणी क्रोशा शिकतं का, बाई माझे! बोटं सोलली असतील. … हां.

… परत सांगा. टाके उलटे पडून राहिले? … कसे उलटे? … तुमची सुई ह्या अंगाला जाती अन्‌ तिचे टाके त्या अंगाला वळलेले. … मंग तुम्हाला वाटलं, आपलंच चुकून राहिलं. म्हणून आपलं केलेलं उसवत गेलात अन्‌ उसवता उसवता तिच्या टाक्यात शिरलात. … कळलंच न्हाई, कुठं तुमचं संपलं. … काळी लोकर, दिसत बी न्हाई. … किती फेरे गेले तिचे? … तीन. … अन्‌ तेवढ्यात यशू दारात. … मांजर हिसकावून घेतलं तिनं, सुई तुमच्याच हातात राहिली.

… अगं ए, असं काही बोलू नको. हात कशाला तोडून टाकती. गप.

… ऐक ना. अगं, ऐक. तुझं काही चुकलं नव्हतं. तिचं बी न्हाई. माया डावरी होती.

… हाव. कोणीच सांगितलं न्हाई तुला? … फोटोत कसं दिसणार, फोटोत सगळ्यांचे हात जोडलेले असतात. डावरी होती ती. डाव्या हातानं क्रोशा केला की टाके उलट्या अंगानं वळतात. उजव्या हातानं ते पुढं नेता येत न्हाई. कोणालाच न्हाई.

… लोकर तोडली का? … न्हाई ना? बरं केलंस. कुरळी झाली असेल. … पाण्यात बुडवू नको, ओढून सरळ बी करू नको. तिच्या टाक्यांचं वळण हाय त्यात, राहू दे. उसवलेलं परत विणता येतं गं. क्रोशाचं तेवढं बरं असतं. बाकी कशाचं…

… हॅलो? हाय, हाय मी. पदर तोंडावर आला. वारा हाय वर.

… न्हाई, तू पुरं केलंस तर रेघ दिसणार. आतून उलटं करून विणलं तरी दिसणार. यशूला तर आधी दिसंल. … मी? मी येऊन काय करू, मी बी उजव्या हाताची. मायाला शिकवलं मीच, पण तिच्यासारखं मला कधी आलं न्हाई. … कसं शिकवलं म्हणजे? आधी शेजारी बसवलं. जमेना. दोरा फेकून रडायची. सात वर्षांची होती. मंग आण्णा म्हणले, तिला शेजारी कशाला बसवती, समोर बसव. आरशात बघतो तशी. समोर बसवलं, अन्‌ एका दुपारी आलं तिला. माझा उजवा हात, तिचा डावा. मी जिकडं नेईन तिकडंच ती…

… पुनम.

… यशू कोणत्या हातानं लिहिती गं? … हाव, डाव्याच. मला माहीत हाय, पण अजून लिहिती का डाव्यानं? तिची आजी लई मागं लागली होती. … काय म्हणलीस? … सासूबाई चमचा उजव्या हातात देतात, अन्‌ तू काढून डाव्यात देतेस. … रोज? … अन्‌ बोलणी खातेस त्यांची.

… आनंदराजनं कधी सांगितलं न्हाई मला. … न्हाई, मीच कधी विचारलं न्हाई.

… ऐक आता. तू नको करू पुरं. यशू करंल. … नऊ वर्षांची हाय, येतंय. तिची आई सात वर्षांची होती म्हणलं ना. … फोन तिच्याजवळ जमिनीवर ठेव. मोठ्या आवाजावर लाव. अन्‌ तू जरा मागं सर.

… यशू? … मावशी हाय. … बोलू नको, नुसतं ऐक. मांजर हाय ना मांडीवर? … सरकी बघ बरं कानामागं. लागली? … हां. ती कुठं गेली न्हाई. डोकं तसंच हाय. फक्त पोटाचे तीन फेरे सुटले. ते परत येणार.

… काय म्हणलीस, राणी? … मोठ्यानं बोल.

… मी काहून आले न्हाई.

… सांगते. तुला आईनं गोष्ट सांगितली असेल, सिद्धार्थ सात दिवसांचा होता तेव्हा त्याची आई गेली, महामाया. अन्‌ त्याला कोणी वाढवलं? … हाव, मावशीनं. गौतमीनं. आण्णांनी आम्हा बहिणींना तीच नावं ठेवली. थोरली मी गौतमी, धाकटी तुझी आई महामाया. म्हणून ती गेली तेव्हा सगळे म्हणले, नावच गौतमी हाय, ही नेणार लेकराला. तुझ्या बाबांनी बी विचारलं मला, यशूला ठेवता का. अन्‌ मी म्हणलं, बघू.

… हाव, बघूच म्हणलं. काकाला लकवा हाय, अंगणवाडी हाय, म्हशी हायत. सगळं खरं हाय, पण त्यामुळं न्हाई. तू हसलीस की मायाच दिसती. मला ते रोज बघवलं नसतं. भ्याले मी, यशू. तुझं काही चुकलं न्हाई. मावशी भित्री निघाली.

… रड. रड पोटभर.

… ऐक. पुनमनं मुद्दाम न्हाई उसवलं. तिला फक्त उजव्या हातानं येतं. तुला डाव्यानं येणार, आईसारखं. आईचे टाके ज्या अंगाला जातात त्याच अंगाला तुझे जातील. दुसऱ्या कोणाला हे जमणार न्हाई, मला बी न्हाई. पण शिकवायला कोणी तरी समोर पाहिजे.

… न्हाई, तिला आई म्हणायचं न्हाई. कोणी म्हणायला सांगितलं? … ती बी न्हाई म्हणली ना कधी? मंग झालं तर. पण समोर बसू दे तिला. शेजारी न्हाई, समोर. गुडघ्याला गुडघा लावून. … तिच्या तोंडाकडं न्हाई बघितलं तरी चालंल. हाताकडं बघ.

… निघाली का बाहेर? … पुनम, तू ये आता. हळू. सुतळी घे तुझी अन्‌ बस तिच्यासमोर. … दुसरी सुई हाय ना तुझ्याकडं? मायाची सुई यशूला दे. … तिच्या हातात, डाव्या. … हां. यशू, तो सुटलेला फास हाय ना लोकरीचा, उघड्या तोंडाचा, तो सुईवर घे. पुनम, तू तुझ्या सुतळीवर तसंच कर, तिला दिसू दे. … सुई खालच्या टाक्यात घाल. लोकर आतून ओढून आण. परत लोकर घे, अन्‌ दोन्ही फासांतून काढ. … आला? … एक.

… सुटला? सुटू दे. परत घाल. तुझी आई बी पहिल्या दिवशी चारदा रडली होती. … हां. एक. … सावकाश. … दोन.

… तीन.

… पुनम, तू रडून राहिलीस का? डोळे पूस अन्‌ सुई चालू ठेव गं, ती बघून राहिली. … ताटात काय हाय? … वरणभात. गार झाला असेल. असू दे, हा फेरा झाला की खाईल. … नीट मोज, यशू, एक बी सोडायचा न्हाई. … सहा. … सात.

… अहो, आले! … काही झालं न्हाई! … हाव, रडून राहिले. रडू द्या मला जरा!

… हॅलो? … पुनम? … यशू, ऐकू येतं का? … आठ, हां, आठच. … मी ठेवू का? … हॅलो?

… न्हाई ऐकू जात त्यांना. मोजून राहिल्यात दोघी.

… नऊ. … दहा.

… माया. तुझ्याच अंगानं चालली गं सुई.

… ठेवते.