सगळे रोजे पुरे झाले तेव्हा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय बन्सीभाऊ, प्रमुख पाहुणे मच्छिंद्रअण्णा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर शुभांगीताई, आणि सोनईच्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो!

मी खुर्शीद, महिला मंडळाची खजिनदार. जुनी मॅट्रिक. मला हिशेब वाचून दाखवायची सवय आहे, भाषणाची नाही. मध्येच अडखळले तर माईकवाल्याला बोलू नका.

ताईंनी किती बाळंतपणं केली, पावसापाण्यात कुठे कुठे गेल्या, हे मघाशी सगळ्यांनी छान सांगितलं. मला जे सांगायचंय त्यावरून काल आमच्या घरात वाद झाला. आमचे हे म्हणाले, "बायकांचं आहे, बायकांत बोल." मी म्हटलं, पण दवाखान्याचे निर्णय घेणारे सगळे पुरुषच ना? तेव्हा बंधूंनी हवी तर मान खाली घालावी, कान मात्र उघडे ठेवावेत.

पाळीत माझ्या अंगावरून फार जायचं. दोन ठिकाणी सांगितलं, पिशवी काढून टाका. ताई म्हणाल्या, "पिशवी काय बाजाराची आहे, जुनी झाली की टाकून द्यायला?" त्यांनी परदेशातून हार्मोनची तांबी मागवून पिशवीत बसवली. नावाला तांबी, तांब्याचा कण नाही तिच्यात! महाग होती, पण पाच वर्षं टिकते म्हटल्यावर माझ्यासारख्या काटकसरी बाईनेही मान डोलावली. ताईंनी बजावलं होतं, आधी अधूनमधून डाग पडतील, मग पाळी कमी होईल, कदाचित थांबेलही. घाबरायचं नाही. गर्भ सहसा राहत नाही, पण राहिलाच तर पिशवीबाहेर नळीत असू शकतो, आणि ते जिवावरचं. मळमळलं, कुशीत दुखलं, तर लगेच यायचं.

डाग पडत तेव्हा नमाजाला उभं राहावं की नाही, याचीच रोज तगमग. मग डागही थांबले आणि रमजान आला. आमच्यात पाळीच्या दिवसांत नमाज नाही, रोजाही नाही; सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. त्यामुळे कुणाचं काय चाललंय ते घरातल्या बायकांना न सांगता कळतं. माझा एकही सुटेना. मी अल्लाचे आभार मानत होते, आणि एका पहाटे रोजाआधीच्या सहेरीचा घास घेतानाच मळमळलं.

जाऊबाई म्हणाल्या, "भाभी, औंदा एकबी रोजा सुटला न्हाई. तुमी पीर झाला का पोटुशी?"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला! "अल्लानं दिलं तर घ्यायचं. पोरगा हुईल. लई वाट बघितली मी."

आणि ईदनंतर जिचा निकाह ठरलेला, ती माझी लेक आलिया म्हणाली, "अम्मी, माझ्या मांडवात तू कैरी चोखत बसनार व्हय?" त्यानंतर ती माझ्याशी बोलेचना.

माझी काय अवस्था झाली असेल? नमाजात सजद्यातून उठताना कूस जरा दुखली की वाटे, नळीतच आहे. घरात ज्याला त्याला आपापलं उत्तर सापडलं होतं. मला एकटीला तेवढं सापडलं नव्हतं. शेवटी बुरखा चढवला आणि दवाखान्यात गेले.

ताईंनी तपासणीची पट्टी टेबलावर ठेवली. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. मी पट्टीकडे बघेना. ताईंनी विचारलं, "खुर्शीदताई, तुम्हाला काय हवंय?"

लेकीचं लग्न ठरेपर्यंत जगले, पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नको. मला आता नको." बोलले आणि स्वतःच दचकले.

एकच रेघ आली. तरी ताईंनी पोट दाबून पाहिलं, तांबी जागेवर आहे का पाहिलं, आठवड्याने पुन्हा बोलावलं. मळमळ निघाली पित्ताची. शिळी आमटी वाया जाऊ नये म्हणून सहेरीला मीच संपवत होते! आलिया गळ्यात पडली. सासूबाई ईदपर्यंत रुसल्या, मग शीरखुर्म्याची वाटी त्यांनीच पुढे केली.

हे इथेच संपलं असतं तर मी आज माईक धरला नसता. गेल्या महिन्यात इतक्या दिवसांनी पुन्हा डाग दिसला. विचारायला दवाखान्यात आले, तर बाकावरच कळलं की ताई बार्शीला निघाल्या आणि त्यांच्या जागी पुरुष डॉक्टर ठरताहेत. हुशार असतील ते. पण तांबी अजून चार वर्षं माझ्या पोटात आहे. पाळी गेली, आली, डाग पडला, तर मी त्यांच्यापुढे तोंड उघडेन का? इथे पदर तोंडाला लावून बसलेल्या कितीजणी उघडतील? डोकं दुखतंय म्हणतील आणि डोक्याची गोळी घेऊन घरी येतील.

ताई, तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत, म्हणून दुआ देते. तिकडच्या बायका नशीबवान. मंडळींनी माझं ऐकून घेतलं, सगळ्यांची आभारी आहे. वडीलधाऱ्यांसमोर जीभ सैल सुटली असेल, तर बहीण समजून पोटात घाला.

आता बन्सीभाऊ, नव्या डॉक्टर बाईच असतील की नाही, तेवढं सांगा. तोवर मी उभी आहे.