दोन्ही झाडंच की हो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक, आदरणीय वेणीमाधव अणवेकर साहेब, व्यासपीठावरची सन्माननीय पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती प्रभाताई जेऊरकर, त्यांचे कुटुंबीय, सीनामाई पशुसेवा संस्थेतले माझे सहकारी बंधू-भगिनी, आणि दुधनीकडून मुद्दाम आलेल्या मेंढपाळ मायाक्का, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी दाक्षायणी, संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची डॉक्टर. आत येताना दारातच मला बजावण्यात आलं, "मॅडम, आज निरोपाचा कार्यक्रम आहे, गोड बोला." गोड बोलायला माझी ना नाही. प्रभाताईंबद्दल कडू बोलण्यासारखं आहे तरी काय? आमच्या गाडीनं दिवसभर तालुकेच्या तालुके पालथे घालायचे आणि आम्ही आणलेल्या आकड्यांतून अर्थ प्रभाताईंनी काढायचा, इतकी वर्षं हे असंच चाललं. आकडा चुकला की त्या ओरडत नसत. नुसतं चष्म्यावरून बघत. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

पण मंडळी, ज्या बाईंनी आयुष्यभर आकड्यांचा अर्थ लावला, त्यांच्याच नावावर एक अनर्थ खपवून त्यांना शाल-श्रीफळ द्यायचं, हे मला पटत नाही. राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

झालं असं. दुधनीच्या रस्त्यावर आपली गाडी आठवड्यातून एकदाच जाते. ती फेरी वाढवावी की बंद करावी, हे ठरवायला गेल्या महिन्यात बैठक बसली. प्रभाताईंनी त्यासाठी संगणकावर दोन चित्रं तयार ठेवली होती. एक ट्रीमॅप, दुसरं डिसिजन ट्री. नेमक्या त्या दिवशी त्या भाचीच्या लग्नाला गेलेल्या. साहेब म्हणाले, "प्रभाताईंचं ते झाड लावा." ऑफिसातल्या ऋतुजानं लावलं. तिचा काय दोष? दोन्हींच्या नावात ट्री आहे, आणि सांगणाऱ्यानं कुठलं ते सांगितलंच नाही. लागला तो ट्रीमॅप.

ट्रीमॅप म्हणजे काय? नावात ट्री असलं तरी दिसतात ते चौकोनच. जुळे सोलापुरात एका मोठ्या जागेचे प्लॉट पाडतात ना, तसं. ज्या रस्त्यावर जास्त जनावरांवर उपचार झाले त्याचा प्लॉट मोठा, कमी झाले त्याचा लहान. वाईट आहे का हे चित्र? मुळीच नाही. कुठं किती काम झालं ते एका नजरेत कळतं. औषधांचा साठा कुठं ठेवायचा, हे मी स्वतः त्यावरूनच ठरवते. पण ते फक्त किती ते सांगतं. का, ते सांगत नाही. पुढं काय करायचं, ते तर नाहीच नाही.

तर पडद्यावर बार्शीकडचा प्लॉट ऐसपैस, मोहोळकडचा बरा, आणि कोपऱ्यात एक इवलासा तुकडा. इतका लहान की त्यात नावही मावेना. साहेबांनी विचारलं, "हे काय?" कुणीतरी म्हणालं, "दुधनी रस्ता." साहेब म्हणाले, "हे काढलं तरी फरक पडत नाही." चहा आला, बिस्किटं आली, निर्णय झाला. येत्या सोमवारपासून दुधनीची गाडी बंद. आणि वर इतिवृत्तात लिहिलं काय, तर प्रभाताईंच्या झाडाच्या आधारे.

आता दुसरं झाड ऐका, जे कुणी उघडलंच नाही. डिसिजन ट्री प्रश्न विचारतं. आम्ही डॉक्टर विचारतो तसंच. ताप आहे का? हो म्हटलं की एक वाट, नाही म्हटलं की दुसरी. आमच्या वहीतले मेलेल्या जनावरांचे आकडेही घेऊन प्रभाताईंनी विचारलं, कुठलं जनावर वाचतं आणि कुठलं दगावतं? सगळ्यांत वरती प्रश्न कुठला आला असेल? रोग कुठला, हा नाही. मेंढी की शेळी, हाही नाही. गाडी त्याच दिवशी पोचली का, हा. "नाही"च्या फांदीवर बहुतेक सगळं मेलेलं, आणि त्या फांदीवर बहुतेक सगळी दुधनी.

मंडळी, तो तुकडा लहान का दिसला, आलं ना ध्यानात? त्या चौकोनांत मोजलंय ते फक्त उपचार झालेलं जनावर. गाडी पोचायच्या आधी मेलेली मेंढी कुठल्या चौकोनात मोजायची? पोटफुगीनं जनावर जायला तासभरही पुरतो. गेल्या हंगामात मायाक्कांचा फोन आला तेव्हा मी बार्शीकडं होते. दुसऱ्या दिवशी पोचले, तर मेंढ्या कडेला ओळीनं ठेवलेल्या. मायाक्का एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमी लई लांबनं आला. च्या घ्या, आन मग कुटली जगत्याल ती बगा." तो चहा मला अजून पचलेला नाही.

लग्नाहून परत आल्यावर प्रभाताई साहेबांकडं गेल्या. चित्र चुकीचं लागलं, हे समजावून सांगितलं. साहेब हसले. "दोन्ही झाडंच की हो. आता तुम्ही रिटायर होताय, कशाला डोक्याला ताप करून घेता?" दोन्ही झाडंच? पोट दुखतं म्हणणाऱ्याला मी दाताचं औषध देऊन म्हणावं का, दोन्ही औषधंच की?

साहेब, आपली चिठ्ठी मिळाली. आवरतं घेते.

मायाक्कांच्या कळपातल्या मेंढ्या सध्या वितायत. बारकी पिल्लं आहेत, ओला चारा आहे, म्हणजे पोटं फुगणार. काल फोनवर मला म्हणाल्या, "सोमवारी गाडी न्हाय म्हनत्यात, खरं हाय का?" मी म्हटलं, समारंभाला या, समोरच विचारू.

आता अध्यक्षीय भाषण आहे. साहेब, प्रभाताईंचं भरपूर कौतुक करा, त्यांचा तो हक्कच आहे. माझी कानउघाडणीही करा. पण खाली बसण्याआधी दुसऱ्या रांगेत बसलेल्या मायाक्कांकडं बघून एवढंच सांगा, सोमवारी गाडी जाणार का? हो किंवा नाही. मधलं काही नको.

प्रभाताई, तुमच्या निरोपात मी हा विषय काढू नये, असं तुम्ही मला बजावलं होतं. ऐकलं नाही, त्याबद्दल तुमची क्षमा मागते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपले आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

माईक चालूच ठेवते. साहेबांना लागेल.