झाकण कोण धरतं?

ठमी : उद्या सकाळी निघायचंय आणि तुम्ही बॅग भरायची सोडून गाजरं काय सोलत बसलात, बाबा?

बाबा : हुडहुडी भरलीय नुसती. गरम सूप पोटात गेलं की भरू. तू फ्लॉवर मोड.

ठमी : टाळाटाळ कळते हं मला.

बाबा : कळते ना? मग मोड मुकाट्याने. कांदा-लसूण लोण्यात परतून झालंय, बटाटा पडलाय. दाटपणा त्यानेच येतो. साय अगदी शेवटी, गॅस बंद करून. नाहीतर फाटते.

ठमी : हुबेहूब आई!

बाबा : जन्मभर तेच ऐकलंय ग.

ठमी : आई गेल्यापासून रोज सूपच करता?

बाबा : दुसरं येतंय काय मला!

ठमी : आणि वाटता कशात? ह्या मिक्सरमध्ये? ह्याचं बटण कधीचं चालूवरच अडकलंय. चालू-बंद होतो तो पार तिकडे दाराजवळच्या भिंतीवरल्या बटणावर. इकडे झाकण दोन्ही हातांनी दाबलं नाही तर गरम सूप थेट छताला. तुम्ही दाराशी, आई झाकणाशी, असं चालायचं तुमचं. नवा घ्या, नवा घ्या म्हणून माझा घसा कोरडा पडला.

बाबा : चालतोय की. चालत्या वस्तूला कशाला टाकायचं?

ठमी : पण आता झाकण कोण धरतं?

बाबा : बटाट्याला सुरी लावून बघ जरा.

ठमी : शिजलाय. बाबा, झाकण कोण धरतं? शेजारच्या काकू येतात?

बाबा : त्या बिचारीला स्वतःचे गुडघे धरवत नाहीत.

ठमी : मग?

बाबा : तुझी आई.

ठमी : बाबा!

बाबा : डोकं ठिकाणावर आहे माझं. पहिल्या दिवशी सवयीने भांडं भरलं, दाराशी गेलो, बटण दाबलं. पलीकडे कुणी नाही हे दाबल्यावर लक्षात आलं. डोळेच मिटले मी. उघडले तर भिंत कोरडी, सूप तयार. तेव्हापासून रोज.

ठमी : म्हणून माझ्याकडे यायचं नाव काढत नाही तुम्ही.

बाबा : मी आलो तर ती इथे एकटी काय करेल?

ठमी : हे बघा, अर्धं ओतलं भांड्यात. जा दाराशी. झाकण हललं नाही तर मी एकटी परत जाते. उडालं तर तुम्ही निमूट यायचं.

बाबा : तिची परीक्षा नको ग बघूस.

ठमी : दाबा, बाबा!

(मिक्सरची घरघर. झाकण उडून भिंतीवर आदळतं.)

ठमी : अगं आई ग! बंद करा, बंद करा! भाजलं नाही, अंगावर नाही उडालं. बाबा... अहो, रडताय काय असे?

बाबा : नाही आली.

ठमी : माझ्यासमोर कशी येईल? रागावलीय. तुम्ही फोनवर फोन करत होतात आणि मी उद्या निघते, उद्या निघते करत बसले. शेवटी पोचलेच नाही.

बाबा : छट्! ती कसली रागावते तुझ्यावर! वाट बघत होती, एवढंच.

ठमी : तेच तर सहन होत नाही हो.

बाबा : पूस डोळे. उरलेलं तसंच पिऊ. मग बॅग भरतो. शब्द म्हणजे शब्द.

ठमी : तसंच नको. तो रुमाल द्या इकडे. आज मी धरते.

बाबा : जोर लावून धर हं.

ठमी : धरलंय. डोळे मिटूनच घेते बाई, पुन्हा उडालं तर! लावा.

बाबा : लावला!

ठमी : अहो, माझ्या हातांवर हात कशाला? धरलंय म्हटलं ना मी घट्ट!

बाबा : मी इकडे दाराशी आहे, ठमे.

(ठमी डोळे मिटूनच झाकण धरून राहते.)

बाबा : काय ग? बंद करू?

ठमी : नको, बाबा. इतक्यात नको.