पालवांनी देवीला तीनदा विचारलं

मंडळी, बुक्का लागला, हार घालून झाले, पेटीवाल्यांचा चहासुद्धा झाला. आता कान इकडे द्या! मागे ते दोघे मोबाईल बघतायत — बघा बघा, सावकाश बघा, मी थांबतो. झालं? बरं.

एक प्रश्न विचारतो. देवाला प्रश्न विचारावा की नाही? विचारावा! मग देवानं उत्तर दिलं, ते आपल्याला आवडलं नाही — तर? तर काय करावं? हां, आता सगळे गप्प! कारण प्रत्येकानं ते कधी ना कधी केलेलं आहे. त्याचीच ही गोष्ट. ऐका!

खाली तळकोकणात, खाडीच्या काठाला एक गाव. त्या गावात श्रीधर पालव म्हणून मानकरी. देवीच्या पालखीला पहिला खांदा यांचा, गावजेवणात पहिलं पान यांचं. माणूस वाईट नव्हता हो! पण एकदा मनानं घेतलं की घेतलं. घरात लीलावहिनी, आणि सून केतकी. केतकी माहेरची मिरजेची. पाणी बघितलेलं ते कृष्णेचं, तेही घाटावर उभं राहून! मुलगा जहाजावर नोकरीला, तो तिकडे आखातात. आणि केतकीला लागलेला सातवा महिना.

आता या घराण्याची एक रीत. घरात सून गरोदर राहिली की सातव्या महिन्यात खाडीपलीकडच्या टोकावर जी भगवती आहे, तिची ओटी भरायची. ठरलेल्या तिथीला. आणि ओटी न्यायची कशी? पाण्यानं! होडीत बसून. पणज्यापासून चालत आलेलं.

पण पणज्याच्या वेळी रस्ताच नव्हता, हे कोण सांगणार? आता पूल झालाय. डांबरी रस्ता थेट देवळाच्या पायरीपर्यंत जातो. फक्त लांबून जातो. आणि यंदा तिथी आली कधी? नाताळच्या सुट्टीत! अहो, काय ती गर्दी! सगळी किनारपट्टी गाड्यांनी गच्च. पुलावर गाडीला गाडी चिकटलेली. कोणी डॉल्फिन बघायला, कोणी मासे खायला, कोणी नुसता स्वतःचा फोटो काढायला — समुद्राकडे पाठ करून!

म्हणजे प्रश्न खरा होता, मंडळी. रस्त्यानं जावं तर कोंडीत दिवस मोडतो. होडीनं जावं तर पोटुशी पोर. लीलावहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, यंदा गाडीन गेलंव तर?"

पालव म्हणाले, "मी कोण ठरवणारो? देवीक विचारू."

वा! काय नम्रता! सकाळीच गावदेवीच्या देवळात गेले, कौल लावायला. तुमच्यापैकी घाटावरच्यांना सांगतो. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, डावीकडे, उजवीकडे. गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली — हो. डावी पडली — नाही. भिकाजी गुरवानं हात जोडले. "बाये माये! तुझा लेकरू आज पाण्याच्या वाटेन भगवतीक जाता हा. तू राजी असशीत तर उजवो दी!" जमलेले सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!"

सगळे टक लावून बघतायत. आणि पडली — डावी!

भिकाजी म्हणाला, "काका, देवी नको म्हणता."

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. मीही घरी गेलो असतो, तुम्हीही! पण पालव म्हणाले, "तू नीट विचारलंस नाय. घराण्याची रीत सांग तिका. परत लाव!"

परत लावला. रीत सांगितली. पुन्हा डावी!

"काका, देवीन एकदा सांगल्यान तां सांगल्यान. दोनदा सांगल्यान!"

पालवांच्या कपाळाला घाम. पण डोकं बघा कसं चालतं माणसाचं! म्हणाले, "प्रश्नच चुकता हा. असा विचार — आमी होडीन गेलंव, तर राखण करशीत काय?"

मंडळी! कुठल्या आईला विचाराल, "मी विहिरीत वाकलो तर मला धरशील का?" — आणि ती नाही म्हणेल? पडली उजवी! पालवांनी टाळी वाजवली. घरी येऊन काय सांगितलं? एवढंच, "देवीन उजवो दिलो." पहिल्या दोन पाकळ्या? त्या देवळातच राहिल्या.

निघाले धक्क्यावर. तिथंही सुट्टीवाल्यांची ही रांग! होडी मुकुंद कुबलाची. मुकुंदानं पाण्याकडे बघितलं, केतकीकडे बघितलं. म्हणाला, "काका, आता नको. ओहोटी लागली हा, वारो उलटो. खाडीच्या मुखाशी पाणी उभा रवतला. दुपारी भरतीक नेतंय तुमका, आरामात."

"ओटी माध्यान्हीच्या आत होवक व्हयी! आणि मी देवीचो कौल घेवन इलंय मुकुंदा. तू देवीपेक्षा मोठो?"

संपलं! त्या गावात कौलाच्या पुढे बोलायची सोय नाही. मुकुंदानं होडी धक्क्याला लावली. आणि रांगेतली माणसं, जी इतका वेळ लाटांकडे बघून बिचकत होती, ती काय म्हणाली? "देवीचा कौल आहे म्हणे! मग काय भीती? चला चला!" धडाधड चढली! मुकुंद ओरडतोय, "पुरे! पुरे!" — ऐकतंय कोण? ती तरंगायची जाकिटं निम्म्या लोकांनाही पुरली नाहीत. केतकीला एक मिळालं, ते पोटावर बांधता येईना. तिनं नुसतं मांडीवर धरलं.

निघाली होडी. खाडीत पाणी शांत. कोणी गाणी म्हणतंय, कोणी चिवड्याची पुडी फोडतंय. पालव पुढे ताठ बसलेत, मांडीवर ओटीचं ताट. आणि आलं मुख.

काय असतं मुखाशी? खाडीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राचं पाणी आत धावतं, मध्ये वाळूचा बांध. दोघं तिथं एकमेकांच्या उरावर चढतात! पहिली लाट आली — होडीचं नाक वर! धाडकन खाली! गाणं बंद. दुसरी आली ती सरळ आत. पायात पाणी. चिवडा तरंगायला लागला. कोणीतरी किंचाळलं, एक बाई उभी राहिली, होडी कलली. "खाली बसा! कोण हलू नकात!" मुकुंदाचा आवाज फाटलेला.

आता तिथली एक रीत सांगतो. कौल घेऊन निघालेली होडी तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, आपल्या मनानं मागे फिरवत नाही. ज्यानं कौल आणला, त्यानंच 'फिरव' म्हणावं लागतं. मुकुंदानं विचारलं, "काका! अजून परतता येयत. ह्या बांधाच्या फुडे गेलंव काय मग नाय! बोला, काय करू?"

सगळी होडी पालवांकडे बघतेय. मागून एक चष्मेवाले ओरडले, "अहो काका, देवी हो म्हणालीय ना? मग घ्या पुढे!"

काय चाललं असेल हो त्या माणसाच्या मनात? फिरव म्हणावं — तर उद्या धक्का विचारणार, काय पालवानू, कौल खोटो? पालखीचा पहिला खांदा जाणार. पुढे घे म्हणावं — तर... पुढे समोरच दिसत होतं! मंडळी, खरं सांगा. हसू नका. मरण समोर असतानाही माणूस अब्रूचा हिशेब करतो!

इतक्यात केतकीनं त्यांचा हात धरला. तिला पोहता येत नाही, उलटी दाबून धरलेली, ओठ पांढरे पडलेले. आणि ती म्हणाली, "बाबा, मी घाबरत नाहीये. देवीनं जा म्हटलंय ना?"

काळजात सुरी गेली! एवढा विश्वास! आणि कशावर? दोन पाकळ्या लपवून आपण सांगितलेल्या कौलावर!

"नाय!" पालव उभे राहून ओरडले. "नाय म्हणाली ती! दोनदा डावो दिल्यान! जा म्हणाली नाय, राखीन म्हणाली! फिरव मुकुंदा! होडी फिरव!"

फिरव म्हणणं सोपं! वळताना होडी लाटेला आडवी होते, आणि आडव्या होडीला एक लाट पुरते. मुकुंद थांबला. एक लाट जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. सुकाणू धरून दात आवळून बसलाय. मग दोन लाटांच्या मधली जरा सपाटी दिसली आणि — "धरा रे!" — होडी गर्रकन वळली! वळता वळता बाजूनं पाण्याची भिंत आली. कंबरेपर्यंत पाणी! लीलावहिनी सुनेवर पालथ्या पडल्या. पालवांनी ओटीचं ताट उचललं, नारळ, खण, तांदूळ सगळं समुद्रात भिरकावलं, आणि त्या ताटानं पाणी उपसायला लागले! ते बघून चष्मेवाल्यांनी टोपी काढली, बायकांनी डबे काढले. उपसतायत, रडतायत, देवाचं नाव घेतायत. होडी लागली खाडीच्या शांत पाण्यात.

वाचले! सगळे वाचले. दिलेला शब्द देवीनं पाळला, बरं का.

धक्क्यावर उतरले. मुकुंद खाली मान घालून म्हणाला, "काका, कौल तुमचो, पण होडी माझी होती. मी नाय म्हणाक व्हया होतां."

लीलावहिनी पदर पिळतायत. केतकी कट्ट्यावर बसलीय. आणि आमचे पालव! ओल्या धोतरातच उभे राहिले, घसा खाकरला, म्हणाले, "नवी ओटी घेवया. चला, गाडीन जावचा काय कसा, देवळात जावन आता नीट कौल लावया."

हसता काय! खोड जाते का अशी?

केतकीनं मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाबा, देवीला तीनदा विचारलंत. मला एकदा विचाराल?"

मंडळी, लाटेनं जे झालं नाही ते या वाक्यानं झालं. पालव मटकन खाली बसले, तिच्या शेजारी, कट्ट्यावर. सकाळपासून गुरवाला विचारलं, देवीला विचारलं, तांडेलाला दटावलं. आणि जिच्या पोटात जीव, तिला? तिला कोणी तोंडदेखलंही विचारलं नव्हतं! मग म्हणाले, "सांग बाय. तुका काय व्हया?"

"मला घरी जायचंय. कोरडं व्हायचंय, झोपायचंय. ओटी आज नको."

ओटी आज नको! तिथी चुकणार, रीत मोडणार! पालवांनी एकदा त्या टोकाकडे बघितलं, देवळाचा कळस उन्हात दिसत होता. दोन्ही हात जोडले. आणि म्हणाले, "चल. घराक जावया."

गेले मग पुढच्या आठवड्यात, रस्त्यानं. पुलावर अडकले, केतकी मागच्या सीटवर झोपली, पालव खाली उतरून भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले. पोचेस्तोवर दिवेलागण. पुजाऱ्यानं ओटी घेतली, देवीपुढे ठेवली. कशानं आलात, केव्हा आलात, देवीनं काही विचारलं नाही. आणि हो, तुमच्या तोंडावर प्रश्न दिसतोय — मुलगी झाली! गोरीगोमटी, आजोबांचं नाक घेऊन!

आता तुमच्याकडे वळतो. ही गोष्ट होडीची नव्हे आणि रस्त्याचीही नव्हे. होडी बरी, रस्ताही बरा! तुम्हीही लावता कौल. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, आईला कोणाकडे ठेवायचं. आधी मनात ठरवता, मग देवाकडे जाता — आशीर्वाद द्या म्हणून! आणि ज्या माणसाला त्या होडीत बसायचंय, ते शेजारच्या खोलीत गप्प असतं. आज घरी जाल, आणि कोणीतरी दार उघडेल. आत जायच्या आधी उंबऱ्यात थांबा आणि विचारा, "तुझं काय म्हणणं आहे?"

विचाराल? माना तर हलतायत सगळ्यांच्या. पण एक अट आहे, मंडळी. तिकडून उत्तर डावं आलं, तर प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा नाही!