विरूपाक्षचं एक जास्त

हुबळीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू, सून आणि मुलगा बसले होते. तपासणीचा रिपोर्ट नुकताच हातात पडला होता.

"काय म्हणाले डॉक्टर, नीलव्वा?"

"यांच्यात जन्मापासून एक गुणसूत्र जास्त आहे, आत्याबाई. त्यामुळं मूल व्हायला लागणारं बीजच तयार होत नाही."

"जास्त आहे ना? मग माझ्या विरूपाक्षात कमी काय आहे?"

"अव्वा, हळू बोल."

"का म्हणून हळू? लहानपणापासून तुझं सगळं चारचौघांपेक्षा जास्तच. उंचीच बघा की."

"उंचीसुद्धा त्यामुळंच वाढली म्हणाले."

"बघ, गुणच आला त्याचा."

"आणि मूल व्हावं म्हणून सात वर्षं ओल्या साडीनं पिंपळाखालच्या नागकट्ट्याला रोज एकवीस प्रदक्षिणा मी घातल्या. उद्यापासून ओलं धोतर नेसून हे घालतील."

"मला सर्दीचा त्रास आहे."

"गल्लीत बोभाटा करायचाय का, नीलव्वा? तूच घाल. लोकांना तुला बघायची सवय आहे."

"बरं, घालते. कुणी विचारलं तर सांगते, आमच्या यांच्यात एक जास्त आहे, तेवढं कमी कर म्हणून नागप्पाला साकडं घातलंय."