सोळाच्या पटीत

…लूट नाही हो ही, डोन्या फेलिसा. बसा आधी. खाणीवरून ओरुरोपर्यंत तीन तास बसमध्ये उभ्यानं आलात आणि दारातच भाव विचारताय — आपी घ्या, मक्याची पेज आहे, गरम आहे. तर फोनवरच्या पुस्तकाला कागद नाही, शाई नाही, मग साठ बोलिव्हियानो कसले, असंच ना? सगळे विचारतात. सांगते. छापील पुस्तक नव्वदला. छापायला लागतात अठरा — अठराच्या पाचपट, हा आमच्या धंद्याचा पाढा. म्हणजे उरलेले मला सुटतात का? कुठले. चाळीस टक्के दुकानदाराचे, वितरक त्याचं काढून घेतो, तुम्हा खाणीवरच्या बायकांकडून ऐकून घेऊन ज्यांनी लिहिलं त्या सोनियाबाईंचे दहा टक्के, आणि माझं म्हणाल तर — जाऊ दे. फोनवरचं मी आधी वीसलाच ठेवलं होतं. आठवडाभर. तर चौकातले दुकानदार, डॉन वेनान्सियो, तुम्ही बसलात तिथंच बसून म्हणाले, ‘वीसला हवेतून मिळतंय तर माझ्याकडून नव्वदला कोण घेईल, ग्लाडिस? ने तुझ्या पेट्या उचलून.’ त्यांचंही खोटं नव्हतं. मग वाढवला भाव. किती? ते गप्प बसेपर्यंत. असा ठरतो भाव, मावशी. शास्त्र वगैरे काही नाही त्यात.

नोटा मोजू नका. ठेवा त्या. तुमच्याकडून मी पैसे — काय? वाचता येत नाही म्हणूनच फोनवर हवंय? हो, फोन वाचून दाखवतो, खरंय, बटण दाबलं की बाईच्या आवाजात… तुम्हाला तुमचं ऐकायचंय. तुमच्या लेकीचं, यानेतचं.

आपी घ्या ना. गार होतेय.

हे बघा — मोठ्या तावाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. पुस्तक सोळाच्या पटीतच वाढतं. एकशे साठ, नाहीतर एकदम एकशे शहात्तर. आणि आपलं भरलं एकशे चौसष्ट. वरच्या चार पानांसाठी अख्खा फर्मा, की भाव शंभरावर — आणि शंभरावर गेलं की लोक पुस्तक हातात घेतात, मागचं पान बघतात, ठेवून देतात. तेराजणींचं बोलणं होतं. बाकीच्यांची दहा-दहा, चौदा-चौदा पानं. एकीचंच नेमकं चार पानांचं. तुम्ही कमी बोलला होतात, मावशी. ‘ढिगाऱ्यात धातूचे दगड वेचत होतो, ढीग घसरला, मुलगी खाली गेली, नाव यानेत, वय अकरा.’ मी तीनदा वाचलं ते. मग काढलं. सोनियाबाई महिनाभर बोलल्या नाहीत माझ्याशी. तुम्हाला सांगायला दोनदा बसच्या थांब्यापर्यंत गेले होते मी — दोनदा.

फोनवर? नाही, फोनवर कुठला ताव नि कुठला फर्मा. चार काय, चाळीस पानं घातली असती तरी दमडी लागली नसती. मग का नाही घातली… सुचलंच नाही. छापखान्याला दिलेली फाइल तशीच तिकडे पाठवली. एवढंच. याहून बरं काहीतरी कारण सापडावं म्हणून खूप शोधलं मी, नाही सापडलं. आता घालायचं तर सगळं नव्यानं करून द्या, असं फोनवर पुस्तकं विकणारे म्हणतात, त्याचे पैसे कुठून — आणि फोनवर विकलं किती, सांगू? नऊ प्रती. दोन वर्षांत नऊ. त्या नऊ प्रतींच्या भावासाठी मी भांडत बसले.

नाही, घेऊ नका. काय ऐकणार त्यात? ती नाही. तुम्ही नाही.

हो, बाकीच्या बाराजणी आहेत. सेवेरिनाही आहे, चौदा पानं आहेत तिची, हसत हसतच बोलली होती ती — वारली? कधी?

…

तिचं ऐकायचंय? बरं. नोटा राहू द्या. नाही? बरं, ठेवा टेबलावर. फोन द्या इकडे.