आमचे हे

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून शिंपीणबाईंना डोळे मिटून बसवलं होतं. कान मात्र उघडेच होते. शेजारच्या बाकावर दोघी बहिणींची चांगलीच जुंपली होती.

“ताई, आत तपासायला नेलंय त्या गृहस्थांना तू नर्ससमोर ‘आमचे हे’ म्हणालीस! लाज नाही वाटली?”

“मग काय म्हणू? आमचे ते?”

“‘हे’ म्हणायला आधी लग्न व्हावं लागतं. साठीला आलीस, लोक काय म्हणतील?”

“लोकांना विचारून आम्ही एकत्र राहायला लागलो नाही.”

“आणि झोपता... एकाच खोलीत?”

“एकाच पलंगावर! दोघांना हवं असेल तेव्हा जवळ येतो. मी नको म्हटलं, तर हे कूस बदलून गप्पा मारत बसतात. दुसऱ्या दिवशी घरात भांडी आपटत नाहीत.”

“शी! हळू बोल गं.”

“का हळू बोलू? तू एवढी मंगळसूत्रवाली, तुझ्या ह्यांनी कधी विचारलं तुला, हवंय का म्हणून?”

शिंपीणबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

“अगं ताई, नवरा आहे तो माझा. तो कशाला विचारेल?”